चेहरा तेवढा झाकला

गावात माइकबाईंना चेहऱ्यानं ओळखणारी माणसं फार नव्हती. दुकानात रांगेत उभ्या राहिल्या तर कोणी वळूनही बघत नसे. पण "अर्धा किलो द्या" एवढं तोंडातून निघालं की दुकानदाराचा हात तराजूवरच थांबायचा, मागच्या दोघीतिघी पुढे डोकवायच्या आणि कोणीतरी हटकून विचारायचं, "अहो बाई, घाटातून जाणारी गाडी अजून दोन नंबरलाच लागते का?" बाई सांगायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सांगायच्या. नवरा म्हणायचा, "पगार देतं स्थानक आणि चौकशी खिडकी घरोघर."

बसस्थानकाच्या मधोमध, दोन फलाटांच्या बेचक्यात, काचेची एक खोली होती. आत एक खुर्ची, खुर्चीवर घरून आणलेली उशी, टेबलावर माइक आणि माइकच्या बुडाशी एक बटण. ते दाबून धरलं तरच आवाज बाहेर जाई. बोट उचललं की बंद. बाईंच्या अंगठ्याखाली त्या बटणाचा रंग कधीच झिजून गेला होता. लग्न होऊन या गावात आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी त्या इथे बसल्या, आणि आता त्यांची मुलगी कॉलेजात होती. एवढ्या काळात व्यवस्थापक बदलले, गाड्यांचे रंग बदलले, कँटीनवाल्याच्या डोक्यावरचे केस गेले. आवाज तोच राहिला. गोड वगैरे नव्हता तो. गोड आवाजात गाडी चुकल्याचं कळलं तर माणूस जास्त चिडतो, असं बाईंचं मत होतं. त्यांचा आवाज स्वच्छ होता, सावकाश होता आणि फलाटाचा आकडा नेहमी दोनदा सांगणारा होता.

आता दुखण्याचं. हे इथे लिहिलं आहे ते बाईंना विचारून. दोनदा विचारलं. ज्या बाईनं ते पहिल्यांदा जगाला सांगितलं, तिला एकदाही विचारायचं सुचलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट घडली.

मुलगी झाली त्या बाळंतपणानंतर बाईंचा लघवीवरचा ताबा गेला. पूर्ण नाही, पण खोकला आला, शिंक आली, जोरात हसू आलं की कपडे ओले. डॉक्टरांना यात नवल वाटण्यासारखं काही नाही, कितीतरी बायकांना होतं. पण कितीतरी बायकांना होतं म्हणून कोणी ते एकमेकींना सांगत नाही. बाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. आता ज्याचं पोट घशावर आहे त्यानं पाणी सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. दुपारपर्यंत आवाज खरखरायला लागे. आणि दुसरं म्हणजे त्यांनी हसणं सोडलं. कँटीनवाला विनोद सांगायला लागला की त्या उठून जात. चालक-वाहक मंडळी म्हणत, "माइकबाईंना फार मिजास." बाई ते ऐकून घेत. मिजासखोर म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं.

मग बाजाराच्या रस्त्याला नवा दवाखाना निघाला. डॉक्टर बाई होती, म्हणूनच त्या गेल्या. पुरुष डॉक्टरसमोर हे बोलणं त्यांना जन्मात जमलं नसतं. डॉक्टरीण हसतमुख. हात हातात घेऊन "ताई, अगदी मोकळेपणानं बोला, इथून काहीही बाहेर जात नाही" असं म्हणणारी. टेबलावर तिनं फोन एका छोट्या स्टँडवर उभा केला. "हे फक्त तुमच्यामाझ्यात. उपचारानंतर पुन्हा असंच बोलायचं, म्हणजे फरक आपल्यालाच कळतो."

बाई बोलल्या. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलल्या. मुलीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनात काय झालं ते, उशी घरून का न्यावी लागते ते. शेवटी म्हणाल्या, "हसले तरी होतं हो. म्हणून मी हसायचंच सोडून दिलंय."

व्यायाम झाले, एक छोटी शस्त्रक्रिया झाली, आणि गुण आला. खोटं कशाला बोला, डॉक्टरणीच्या हाताला गुण होता. बाई पुन्हा पाणी प्यायला लागल्या. हसून बघायचं मात्र अजून राहिलं होतं. एवढ्या वर्षांची धास्ती एकदम जात नाही. जिन्यावर एकदा घसरलेला माणूस पुढे बराच काळ कठडा धरूनच उतरतो.

शेवटच्या तपासणीला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याची बसायची खोली भरलेली होती. चकचकीत फरशी, प्लास्टिकची फुलं, नाकात झोंबणारा अत्तराचा फवारा, भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीवर दातांची जाहिरात संपली आणि मंद बासरी सुरू झाली. मग पडद्यावर एक बाई दिसली. म्हणजे बाईचे खांदे आणि मांडीवर चुळबुळणारे हात. चेहऱ्याच्या जागी ढवळलेल्या पिठासारखा एक धूसर गोल. आणि त्या गोलातून, स्वच्छ, सावकाश, शब्दनशब्द कळेल असा आवाज आला: "हसले तरी होतं हो."

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ओळखता येत नाही म्हणतात. बाईंना येत होता. रोज समोरच्या कर्ण्यांतून तो त्यांच्याकडेच परत यायचा.

शेजारची बाई नाक मुरडून म्हणाली, "काय तरी बायका असतात! कॅमेऱ्यासमोर असलं बोलायला जीभ तरी कशी रेटते?"

तिच्या पलीकडची म्हणाली, "आवाज मात्र कुठेतरी ऐकलाय. रोजचाच वाटतोय."

उठावं, काउंटरवर जावं, 'बंद करा ते' म्हणून ओरडावं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की ओरडायची सोयच नाही. तोंडातून एक शब्द निघाला की ही सगळी डोकी वळणार. पडद्यावरच्या त्या गोलाला लगेच चेहरा मिळणार. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बोला, तुमचं काय?" बाईंनी नुसती मान हलवली आणि बाहेर पडल्या. उभा जन्म बोलण्यावर पोट भरलेली बाई मुकी होऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरली.

रस्त्यात नळ दिसला तिथे त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली. तोंडात काही नासकं गेल्यासारखं झालं होतं आणि ते धुऊन निघत नव्हतं. गंमत बघा, शिसारी आधी त्यांना स्वतःचीच आली. आपण एवढं बोललोच कशाला, त्या उशीचं सांगायची काय गरज होती, असं त्या स्वतःलाच बोलत घरी गेल्या. ज्याच्या घरात चोरी होते तोच आधी स्वतःच्या कुलपाला शिव्या घालतो, तशातली गत.

टीव्ही एका भिंतीवर होता, पण दवाखान्यानं तोच व्हिडिओ आपल्या पानावरही टाकला होता. तिथून तो कोणीतरी उचलला, 'ओळखा पाहू कोण' असं वर लिहिलं आणि सोडून दिला. हे लिहिणारा कोण ते कधीच कळलं नाही. असली माणसं कधी सापडत नाहीत. ती आपल्यातच चहा पीत बसलेली असतात. गावाला ओळखायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी घोषणा केली आणि फलाटावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग कँटीनमध्ये एक वाक्य तयार झालं: "बाईंना हसवू नका रे!" कोणी काही विनोद केला की दुसरा लगेच हे म्हणायचा, आणि सगळं बाकडं खिदळायचं. यात शहाणीसुरती माणसं होती. घरी बायका-मुली असलेली होती. बाई चहाला गेल्या की गप्प व्हायची आणि पाठ वळली की सुरू. एकानं तर बाईंच्या उशीकडे बोट दाखवून डोळा मारला. खोकल्याची गोळी विकावी तशा सहजपणे एका माणसाची लाज या फोनातून त्या फोनात चालली होती, आणि घेणाऱ्याला बोटाला काही लागल्यासारखंही वाटत नव्हतं.

बाईंचा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. सज्जन माणूस, पण भांडण म्हटलं की अंगावर काटा. तो म्हणाला, "अगं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. आपण तक्रार केली तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल."

"आता माहीत नसलेला कोण राहिलाय?" बाई म्हणाल्या.

तो हाताला लागलेलं पॉलिश चिंधीनं पुसत बसला.

मग व्यवस्थापकांनी बोलावलं. आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेबानं पाणी दिलं की समजावं, मान कापायची आहे. "बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण लोक घोषणेकडे लक्ष देत नाहीत, हसतात. शिस्तीचा प्रश्न आहे. काही दिवस मशीनवर आवाज लावू. तुम्ही पार्सलच्या खोलीत बसा. तिथे कोणाशी बोलायचा त्रासच नाही."

हसणारे शंभर आणि शिस्त बिघडवली बाईंनी. बाईंनी उशी उचलली आणि पार्सलच्या खोलीत गेल्या. तिथे खोकी, गोणपाट, उंदरांच्या लेंड्या आणि दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. बाहेर मशीनमधली कोणी अनोळखी पोरगी गोड गळ्यानं चार नंबरची गाडी दोन नंबरवर लावत होती आणि म्हातारी माणसं गाठोडी घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती. बाई आतून ऐकत. अंगठा आपोआप टेबलावर दाबला जाई.

त्या खोलीत त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दुखणं गेलं होतं. हसणं आज ना उद्या आलं असतं. पण आवाज गेला तर आपण कोण उरतो? आपण चोरी केलेली नाही, कोणाचं वाकडं केलेलं नाही. तो माइक परत हवा. बाकी काही नको.

पण करायचं काय, हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं. ती म्हणजे त्यांची मोठी जाऊ. दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात ती रुग्णांच्या फायली सांभाळायची. सासूबाई गेल्यावर त्यांच्या शिलाई मशीनवरून दोघींचं वाजलं होतं. मशीन जाऊबाईंकडे गेलं आणि बोलणं तुटलं. बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा तेच मशीन कोपऱ्यात होतं, वर चादर, चादरीवर कुंडी. सुई सुतभरही हललेली नसावी. बाईंनी ते पाहिलं आणि गिळलं.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "व्हिडिओ माझ्याकडेही आलाय. मी बघितला नाही. पहिला शब्द ऐकला आणि बंद केला."

बाईंना रडू आलं ते तेव्हा.

"रड, पण ऐक," जाऊबाई म्हणाल्या. "पहिली गोष्ट, तिथे जाऊन भांडायचं नाही. भांडलीस की लगेच ते काढून टाकतील आणि म्हणतील, कसला व्हिडिओ? आधी पुरावा. उद्या मी जाऊन बसते, मला तिथे कोण ओळखतंय! टीव्ही, भिंत, दवाखान्याची पाटी, सगळं माझ्या फोनमध्ये घेते. त्यांच्या पानावरचंही घेऊन ठेवते."

"आणि मग?"

"मग लेखी अर्ज. हा व्हिडिओ काढा, कोणाकोणाला दिला ते सांगा, आणि मी परवानगी दिली असेल तर ती दाखवा. तुझी फाइल आहे, तिची प्रत मागायचा तुला हक्क आहे. अर्जाची पोच घ्यायची. उत्तर दिलं नाही तर तेही आपल्याच उपयोगाचं."

"आणि उत्तर दिलं तर?"

"तर त्यात खोटं काय आहे ते बघायचं. मग वैद्यकीय परिषदेकडे तक्रार. फोनातून पुढे पाठवणाऱ्यांची पोलिसांकडे. भरपाई हवी असेल तर कोर्ट वेगळं. एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. आणि एक सांगून ठेवते, ती माफी मागायला घरी येईल. येऊ दे. चहा पाज. पण कशावरही सही करू नकोस."

"तुम्हाला कसं माहीत ती येईल?"

"मी रुग्णालयात काम करते," जाऊबाई म्हणाल्या, आणि एवढ्यात सगळं आलं.

आली ती. अर्जाची पोच मिळाली, त्याच आठवड्यात आली. हातात फळांची टोपली, चेहऱ्यावर तेच हसू. "ताई, रागावलात हो तुम्ही माझ्यावर!" असं म्हणत सरळ आत येऊन बसली. व्हिडिओ काढलाय म्हणाली. परवानगीचं विचारलं तर शस्त्रक्रियेच्या आधी सही केलेला कागद पुढे केला. त्यात शस्त्रक्रियेखेरीज दुसऱ्या कशाचा शब्द नव्हता.

"पण ताई, चेहरा आम्ही किती काळजीनं झाकलाय, बघितलंत ना? व्हिडिओ करणाऱ्या मुलाकडून मी तीनदा करून घेतलं. कानातलं दिसत होतं, तेही झाकायला लावलं."

आणि ती खरं सांगत होती. तिला त्याचा मनापासून अभिमान होता. ही डॉक्टरीण स्वतःच्या गाडीनं फिरायची. बसस्थानकात तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ज्या आवाजावर अख्खा मुलूख चढतो-उतरतो तो तिला कोणा एका रुग्णाचा आवाज वाटला होता. झाकायचं ते उघडं ठेवून, जे कोणी ओळखत नव्हतं ते तिनं निगुतीनं झाकलं होतं.

"आणि किती बायकांचे फोन आले, माहितीये? तुमचं ऐकून त्यांना धीर आला. हे पुण्याचंच काम आहे," डॉक्टरीण म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुमची तपासणी जन्मभर मोफत. फक्त एक छोटासा व्हिडिओ आणखी करू. गैरसमज झाला होता, आता मिटला, एवढंच बोलायचं. चेहरा यावेळीही दाखवणार नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. सकाळीच धुतलेले, छान वासाचे हात. हे हात शरीराच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात मायेनं फिरले होते, आणि तेच हात बाहेर येऊन त्या कोपऱ्यांची जाहिरात लावत होते.

"मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "चेहऱ्यासकट. फळं घेऊन जा."

ती गेल्यावर बाईंनी तिचा कप घासला. पुन्हा घासला. मग तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवरा बघत होता. नव्या सहाच्या संचातला कप होता तो. संध्याकाळी म्हणाला, "परिषदेकडे तक्रार करच. चौकशीच्या दिवशी मी येतो बरोबर. कामाला सुट्टी टाकतो."

परिषदेचं कार्यालय पलीकडच्या शहरात होतं. लांबट टेबल, थंडगार खोली, बाटल्यांतलं पाणी, समितीचे तीन डॉक्टर, कोपऱ्यात बोलणं टाइप करणारी एक बाई. बाईंच्या वतीनं जाऊबाईच बोलत होत्या. बाई नुसत्या मान हलवत होत्या. जीभ त्या पार्सलच्या खोलीतच राहिल्यासारखी झाली होती. बाहेरच्या बाकावर नवरा टोपी हातात घेऊन बसला होता.

डॉक्टरणीचा वकील उभा राहिला. इस्त्रीचा माणूस. "चित्रफितीत नाव नाही, पत्ता नाही, चेहरा तर नाहीच नाही. ओळख उघड झाली असं म्हणायला आधार काय? ही कोणीही स्त्री असू शकते. गावातल्या चार टवाळांनी अंदाज बांधला, तर त्याला माझे अशील काय करणार?" हात झटकून बसला.

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते. चष्मा पुसत म्हणाले, "मग असं करू. ती फीत एकदा सगळेच बघून घेऊ. म्हणजे ओळख पटते की नाही ते ठरवता येईल." आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "पडदा सोड."

म्हणजे इथेही. जिथे दाद मागायला आलो तिथेही दिवे मालवून, पाणी पीत पीत तेच बघणार. शिपाई मोठ्या उत्साहानं पडद्याच्या दोरीशी गेला. जाऊबाई "अहो साहेब" म्हणेपर्यंत बाई उभ्या राहिल्या होत्या.

"लावू नका."

टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण मग आम्ही ठरवायचं कसं?"

"सांगते," बाई म्हणाल्या. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला गेला. श्वास घेतला, पूर्वी घ्यायच्या तसा. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्या. घाटमार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोन, फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

"अय्या! माइकबाई!" टाइप करणारी बाई जवळजवळ खुर्चीतून उठलीच. रोज बाईंच्याच स्थानकावर गाडी बदलून ती कामाला यायची. लहानपणची कोणी मावशी भेटावी तसा तिचा चेहरा फुलला. "तुम्ही आहात होय त्या!"

आणि मग तिला आठवलं. फुललेला चेहरा बघता बघता आंबला. एक क्षणभर, अगदी एक क्षणभर, तिची नजर बाईंच्या कमरेखाली गेली आणि झटकन कीबोर्डवरच्या अक्षरांकडे वळली. समितीतल्या सर्वात तरुण डॉक्टरांनी उगाचच पाण्याची बाटली उघडली. पडद्याशी उभ्या असलेल्या शिपायानं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

बाईंनी ते सगळं पाहिलं. महिनोन् महिने हेच पाहत आल्या होत्या. फरक एवढाच की आज ही माणसं तोंड चुकवून निघून जाऊ शकत नव्हती.

"यांनी माझा चेहरा आज पहिल्यांदा पाहिला," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "मी फक्त गाडी सांगितली. ती ऐकून त्यांना पुढचं काय आठवलं, ते त्यांनाच विचारा."

अध्यक्षांनी विचारलं नाही. त्यांनी शिपायाला बाहेर जायला सांगितलं. टाइप करणारी बाई मान खाली घालून, नाक ओढत टाइप करत होती. वकील कागद चाळत राहिला. आणि डॉक्टरीण? ती पहिल्यांदाच हसत नव्हती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती, जणू त्या तोंडाला आवाज असतो हे तिला आज कळत होतं.

निकाल लागायला वेळ गेला, पण लागला. डॉक्टरणीचा परवाना काही महिन्यांसाठी थांबवला. ज्यांना ज्यांना दवाखान्यानं व्हिडिओ दिला त्यांना तो काढायला सांगायचं, आणि त्याच बसायच्या खोलीतल्या त्याच टीव्हीवर, रुग्णाचं नाव न घेता, 'आम्ही परवानगीशिवाय रुग्णाची माहिती दाखवली, ते चुकलं' असं लावायचं. भरपाईचा दावा कोर्टात वेगळा चालू राहिला.

"पण एक आहे," जाऊबाई म्हणाल्या. "लोकांच्या फोनातून ते कोणी काढणार नाही. ते परत येत नाही. तुला खोटी आशा दाखवत नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

निकालाची प्रत त्यांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली. व्यवस्थापकांनी ती वाचली, पाणी दिलं, या वेळी स्वतःही प्यायले. मशीनच्या तक्रारींनी त्यांच्या डोक्याचं दही केलं होतंच. बाईंनी काचेच्या खोलीचं कुलूप उघडलं, टेबल पुसलं. उशी या वेळी आणली नव्हती.

पहिली घोषणा झाली तेव्हा फलाटावर दोनचार माना वळल्या. एका म्हातारीनं काचेपाशी येऊन नुसते हात जोडले आणि गेली. मग, व्हायचं तेच झालं. कँटीनच्या बाकावरचा एक जाडजूड गृहस्थ, रोजचाच, पेपरची घडी काखेत मारून उभा राहिला आणि काचेकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "आल्या का परत? बाईंना हसवू नका रे!"

बाकडं खिदळलं.

बाईंनी बटण दाबलं. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्या. कँटीनसमोर पेपर काखेत घेऊन उभे असलेले गृहस्थ आत्ता जे बोलले, ते मागच्या फलाटांवर नीट ऐकू गेलेलं नाही. त्यांनी कृपया चौकशी खिडकीशी यावं आणि तेच माइकवर सर्वांना सांगावं."

हमाल डोक्यावरचं ओझं तसंच धरून उभे राहिले. बाकड्यावरचे सगळेजण एकाएकी त्या गृहस्थापासून हातभर सरकले, जणू त्याला ते ओळखतच नव्हते. तो लालबुंद झाला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि समोर दार उघडं असलेली जी गाडी दिसली तीत पाटीसुद्धा न वाचता चढून बसला.

आता बाईंचं काम ते काम. गाडी सांगायला हवीच होती.

"फलाट क्रमांक तीन, फलाट क्रमांक तीनवरची गाडी आगारात धुवायला जात आहे. आत कोणीही बसू नये."

खिडकीच्या काचेत त्या गृहस्थाचं तोंड दिसलं, आणि चालकानं गाडी सोडली. धुवायला.

बाईंना हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. त्यांनी भीतीनं मांड्या आवळल्या, इतक्या वर्षांची सवय. पण हसू थांबेना, ते अख्खं बाहेर पडलं, मोकळं, मोठं, डोळ्यांतून पाणी काढणारं. संपल्यावर त्यांनी हातानं खाली चाचपून बघितलं. खुर्ची कोरडी होती.

मग त्यांच्या लक्षात आलं की अंगठा अजून बटणावरच आहे. सगळ्या फलाटांवर, कँटीनमध्ये, पार्सलच्या खोलीत, व्यवस्थापकांच्या टेबलावरच्या छोट्या कर्ण्यात ते हसू गेलं होतं. कोणी खिदळलं नाही. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि पुढची गाडी सांगितली.